वैशाखातील हिरवी रेघ



वसंत व्याख्यानमालेत वसंताचे गुणगान व्हावे हे स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही ज्या मुलखाविषयी बोलणार आहोत, तेथे हे दिवस विहिरीचा तळ दिसू लागण्याचे दिवस होत. हा मुलूख म्हणजे पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके. आणि विषय असा, की पृथ्वीपासून सात-आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या डोळ्यांनी तेथील नदीकाठच्या झाडीकडे पाहिले, तर पाण्याविषयी काय कळते. आणि कळले, तर त्या ज्ञानाचे पुढे काय करावयाचे.

मुंबईच्या श्रोत्यांना याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरातील नळात आहे. या शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तीन एकाच वैतरणा नदीवरचे. त्यांतील मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ उभे आहे. उंची १०२ मीटरहून अधिक. २०१४ साली ते लोकार्पण झाले. आणि त्यातून मुंबईस दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजावयाचे तर हे रोजचे ४५,५०० टँकर होतात. आणि त्याच मोखाड्यात, दरवर्षी याच दिवसांत, पाड्यापाड्यावर टँकरची वाट पाहात हंड्यांच्या रांगा लागतात. तेव्हा हा विषय दूरच्या कोणा परक्यांचा नाही. तो आपल्या आणि त्यांच्या मधल्या हिशेबाचा आहे.

आधी त्या भूमीची ओळख करून घेऊ. जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या जिल्ह्याचा भाग बनले. मोखाडा त्याला लागूनच. दोन्ही तालुके डोंगराळ. वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची. पिके भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी अशी. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते; त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाने गोदावरी पूर्वेकडे जाते. पिंजाळ नदी पुढे वैतरणेस मिळते. वाघ नदी उत्तरेकडे वळून दमणगंगेची वाट धरते. इतक्या नद्या, आणि पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे मुंबईहून कमी नव्हे. मग टंचाई कशी?

याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. हा सह्याद्रीचा काळा पाषाण, लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि दोन थरांमधल्या ठिसूळ पट्ट्यात. बाकीचा खडक घट्ट. वर मातीचा थर उथळ, उतार तीव्र. चार महिन्यांत पडलेले पाणी ओढ्यांतून धावत सुटते आणि समुद्र गाठते. जे थोडे मुरते ते दिवाळीनंतर हळूहळू झऱ्यांवाटे बाहेर येते. शिमग्यापर्यंत बऱ्याच विहिरी तळाला जातात. मग नदीच्या पात्रातील वाळू उकरून केलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरणे आले. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्या आणि मुलींच्या वाट्याला येते, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

आता या मुलखाकडे वैशाखात वरून पाहा. डोंगरउतारावरील सागाची पाने माघ-फाल्गुनातच गळून गेलेली असतात. ऐनही बोडका झालेला असतो. गवत वाळून पिवळे पडलेले किंवा वणव्याने काळे झालेले. भाताची खाचरे उघडी. या तपकिरी पसाऱ्यातून एक बारीक हिरवी रेघ नागमोडी जाताना दिसते. ती नदीची आणि ओढ्यांची रेघ होय. पात्रात पाणी नसले तरी काठावरचे उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन हिरवेच असतात, कारण त्यांची मुळे खालच्या ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात. सारे रान पाने टाकून उन्हाळा काढीत असता जे झाड पाने धरून उभे आहे, त्याच्या पायाशी पाणी आहे. आमच्या आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच आहे: वैशाखातील ही हिरवी रेघ म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची खातेवही आहे. ती वर्षानुवर्षे लिहिली जात आहे, आणि आता ती वाचताही येते.

झाडावरून पाणी ओळखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक संपूर्ण अध्याय या विषयाला दिला आहे. कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेस, किती हातांवर, किती खोल पाणी लागेल याचे आडाखे त्याने दिले आहेत, आणि त्या झाडांत जांभूळ, उंबर, अर्जुन आहेत. त्याचे सारे आडाखे आज कसोटीला उतरतीलच असे नाही. परंतु मूळ विचार खरा आहे. आणि ग्रंथ न वाचलेला मोखाड्यातील म्हातारा मनुष्यही उंबर पाहून तेथे ओल असणार हे सांगतो. मग उपग्रहाने नवीन काय केले? त्याने हे ज्ञान एका गावावरून शंभर गावांवर नेले, आणि त्याला तारीख जोडली. जुने ज्ञान माणसाबरोबर जाते. तारखेसह टिपलेले चित्र मागे राहते.

हे चित्र कसे टिपले जाते ते थोडक्यात पाहू. सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणारे रंग आहेत तसेच न दिसणारेही आहेत. तांबड्याच्या पलीकडचा एक भाग अवरक्त प्रकाश म्हणून ओळखला जातो. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश बहुतेक सारा शोषून घेते, कारण त्यावरच त्याचे अन्न तयार होते; परंतु जवळचा अवरक्त प्रकाश ते मोठ्या प्रमाणात परत फेकते. समजा, शंभर भाग तांबड्या प्रकाशापैकी पानाने ५ भाग परत फेकले आणि शंभर भाग अवरक्तापैकी ४५. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागा: ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. कोरड्या जमिनीने २० आणि २८ भाग परत फेकले, तर ८ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.१७. या अंकास वनस्पती-निर्देशांक म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनडीव्हीआय’ हे नावही रूढ आहे. आठवीच्या मुलाला यावे एवढेच हे गणित आहे.

या विद्येचा आपल्या देशातील आरंभ एका माडाच्या बागेत झाला. प्रा. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. त्यांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांची छायाचित्रे घेतली, आणि रोगट व निरोगी माडांतील भेद त्या चित्रांत उमटला. त्यानंतर अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. आपला आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी कक्षेत गेला. युरोपचा सेंटिनेल-२ए २०१५ साली आणि त्याचा जोडीदार २०१७ साली आला. या जोडीने दर पाच दिवसांनी एकाच ठिकाणाचे चित्र मिळू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून आहे, आणि नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी हेच काम करते.

या चित्रांत किती बारीक दिसते? मीटर आणि पिक्सेल यांच्या भाषेत न जाता आपण गुंठ्यांत मोजू. चित्र म्हणजे चौकटींचा कागद. एका चौकटीत जे काही आहे त्याची सरासरी तेवढी कळते. १९७२ च्या लँडसॅटची एक चौकट सुमारे दीड एकराची होती. तिच्यात ओढ्याकाठची झाडी हरवून जाई. नंतरच्या लँडसॅटची चौकट नऊ गुंठ्यांची झाली. सेंटिनेल-२ ची चौकट दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील एका कॅमेऱ्याची चौकट त्याच्याही एक-तृतीयांश आहे. गुंठ्याची चौकट हाती आल्यावर पिंजाळेच्या किंवा वाघ नदीच्या काठची झाडी बाकीच्या रानापासून वेगळी करता येते. शिवाय लँडसॅटचा सारा साठा २००८ पासून सर्वांना फुकट खुला आहे. सेंटिनेलचाही तसाच. म्हणजे खातेवही मोठी आहे, आणि तिला कुलूप नाही.

या वहीत पाहावयाच्या गोष्टी मुख्यतः तीन. पहिली, हिरवी रेघ कोठे टिकते. एखाद्या ओढ्यावर सलग दहा वर्षांच्या वैशाखी चित्रांत एकच तुकडा हिरवा राहात असेल, तर तेथे झरा किंवा उथळ भूजल असण्याचा संभव मोठा. दुसरी, ती केव्हा ओसरते. पूर्वी मेच्या अखेरपर्यंत टिकणारा तुकडा आता मार्चमध्येच फिका पडत असेल, तर वरच्या बाजूस काही बदलले आहे. तिसरी, नवी हिरवळ कोठे आली. वनराई बंधारा बांधल्यानंतर त्याच्या खालच्या झाडीत फरक पडला की नाही, हे दोन्ही वेळची चित्रे शेजारी ठेवली म्हणजे तपासता येते. पावसाळ्यात ढगांमुळे अशी चित्रे निरुपयोगी होतात हे खरे. परंतु पाण्याच्या हिशेबाचे महिने कार्तिकापासून वैशाखापर्यंतचे, आणि तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रहही आता आहेत. भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला, तो त्यांपैकीच.

परंतु वही वाचणाऱ्याला त्या मुलखाची रीतभात माहीत पाहिजे. नाहीतर चुकीचे वाचले जाते. जव्हार भागात बाएफ या संस्थेने रुजवलेल्या वाडी कार्यक्रमातून डोंगरउतारांवर आंबा व काजूच्या बागा झाल्या. आंबा बारमाही हिरवा. उपग्रहाला त्याची आणि उंबराची हिरवाई सारखीच दिसावी. अलीकडे मोगऱ्याची लागवड वाढली आहे. दादरच्या फुलबाजारात येणारा मोगरा पुष्कळदा त्याच बाजूचा असतो, आणि त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. ही हिरवळ पाणी आहे म्हणून आपोआप उगवलेली नव्हे. कोणी डोक्यावरून, कोणी इंजिनाने पाणी नेऊन ती उभी केली आहे. उलट, भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा म्हणून झाडांच्या फांद्या तोडतात. मग जिवंत झाडही चित्रात वठल्यासारखे दिसते. हे सारे खोलीत बसून कळत नाही. चित्र घेऊन ओढ्याने चालत जाणारा मनुष्य हवा, आणि तो त्या पाड्याचा असेल तर सर्वांत बरे.

येथवर झाडी म्हणजे पाण्याची खूण, असे आम्ही म्हटले. आता दुसरी बाजू. झाड पाण्याची खूण आहे तसेच ते पाण्याचे गिऱ्हाईकही आहे. मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन जाते. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. म्हणून पाणी पिणारे झाड थंड असते आणि तहानलेले झाड तापते. उपग्रहावरील उष्णतामापक हा फरक टिपतो, आणि सूर्यापासून किती उष्णता आली व जमीन किती तापली यांच्या वजाबाकीतून किती पाणी उडाले याचा अंदाज करतात. मात्र लँडसॅटच्या उष्णतामापकाची चौकट शंभर मीटरची, म्हणजे एक हेक्टरची आहे. ओढ्याची दहा-वीस पावलांची झाडी तीत मावळते. म्हणून अरुंद काठांसाठी हिरवेपणाचा अंक आणि हवामानाच्या नोंदी यांची सांगड घालून पाण्याचा खर्च काढावा लागतो. तो अंदाज असतो, मोजमाप नव्हे, हे विसरता कामा नये.

तरी अंदाज काय सांगतो? एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरले तर ते दहा हजार लिटर होते, म्हणजे नेमका एक टँकर. उन्हाळ्यात मुबलक ओल मिळणारी दाट झाडी दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवू शकते. म्हणजे नदीकाठची एक हेक्टर झाडी दिवसाला चार-पाच टँकर पाणी पिते. हा आकडा ऐकताच एखाद्या हिशेबी माणसाच्या मनात येईल, की मग झाडीच काढून टाकावी आणि पाणी वाचवावे. हा विचार काल्पनिक नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात गिला नदीच्या काठची झाडी १९६० नंतरच्या काळात या उद्देशाने खरोखरच काढून पाहण्यात आली. पाण्याची काही बचत दिसली, पण ती जागा उघडी असेतोवरची. तेथे दुसऱ्या वनस्पती आल्या की त्यांनी आपला वाटा मागावा हे ओघानेच आले. सावली गेली म्हणजे उघडे पाणी आणि ओली वाळूही तापून वाळते. मुळे गेली म्हणजे आमच्या मुसळधार पावसात काठ ढासळतो आणि गाळ बंधाऱ्यात येऊन बसतो. उंबर-जांभळांची फळे, गुरांची सावली, करंजाचे बी हे सारे जाते ते निराळेच. आणि खातेवहीतील पाने फाडून कोणाचे कर्ज फिटत नाही.

याच्या उलट असा एक प्रयोग कोलोरॅडो नदीवर झाला. ही नदी धरणांनी व कालव्यांनी इतकी वापरली जाते, की मेक्सिकोतील तिचे शेवटचे पात्र बहुधा कोरडे असते. अमेरिका व मेक्सिको यांच्यातील करारानुसार २३ मार्च ते १८ मे २०१४ या काळात या पात्रात मुद्दाम सुमारे १३० दशलक्ष घनमीटर पाणी सोडण्यात आले. त्या वर्षीच्या उपग्रहचित्रांत काठची हिरवळ वाढलेली दिसली. नंतरच्या वर्षांत ती पुन्हा ओसरली. एकदा सोडलेल्या पाण्याने काय होते आणि काय होत नाही, हे त्या हिरव्या रेघेने दोन्ही देशांना दाखवले. तेथे वाद पुष्कळ झाले असतील. परंतु वादाला धरून राहण्यासाठी दोघांपुढे एकच चित्र होते, ही गोष्ट लहान नव्हे.

आता कोलोरॅडोवरून आपल्या वैतरणेवर येऊ. वैतरणेचे उन्हाळ्यातील वाहणे आता निसर्गाचे राहिलेले नाही. ऊर्ध्व वैतरणेत साठवलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खालच्या धरणांकडे आणले जाते. तेव्हा तिच्या काठची वैशाखातील हिरवळ अंशतः सोडलेल्या पाण्याची आहे. वाघ आणि पिंजाळ यांच्या काठची हिरवळ मात्र मुख्यतः जमिनीखालच्या ओलीची आहे. परंतु त्यांच्याही बाबतीत कागद तयार आहेत. गारगाई व पिंजाळ या नद्यांवर मुंबईसाठी धरणे बांधण्याचा विचार बरीच वर्षे चालू आहे. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पात वाघ नदीवर खारगीहिल येथे धरण आणि तेथून पिंजाळेच्या खोऱ्यात बोगद्याने पाणी, अशी आखणी आहे. ही धरणे व्हावीत की न व्हावीत, हा वाद आम्ही आज येथे घालीत नाही. मुंबईची तहान खरी आहे. आमचे म्हणणे त्याच्या आधीचे आहे. धरण होण्यापूर्वीची खातेवही वाचून, शिक्का मारून ठेवली पाहिजे.

असे का म्हणतो ते सांगतो. उद्या धरण झाले आणि खालच्या पाड्यावरील मनुष्य म्हणाला, की आमचा झरा पूर्वी ज्येष्ठापर्यंत चालत असे, आता होळीला आटतो, तर त्याला विचारतील: पुरावा काय? त्याच्यापाशी आठवण असते, आणि कचेरीत आठवणीची नोंद होत नाही. त्याच्या झऱ्याकाठचे उंबर २०१६ पासून प्रत्येक वैशाखात एकेका गुंठ्याच्या चौकटीत टिपले गेले आहे, हे त्याला ठाऊकच नसते. उलट पाटबंधाऱ्याच्या कामासाठी येणाऱ्या तज्ज्ञाच्या संगणकावर ती सारी चित्रे असतात. ज्याचे पाणी त्याला वही दिसत नाही, आणि ज्याला वही दिसते त्याचे ते पाणी नव्हे. या विद्येतील खरी अडचण यंत्राची नसून ही आहे.

याला आणखी एक पैलू आहे, आणि तो आम्हांस अधिक चिंतेचा वाटतो. वरून पाहणारा डोळा जसा धरण पाहतो तसाच मोगऱ्याचा अर्धा एकरही पाहतो. किंबहुना लहान माणसाचा पंप पकडणे मोठ्या योजनेला जाब विचारण्याहून सोपे असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे एखादे कुटुंब मोगऱ्यामुळे घरी राहिले असेल, मुलगी शाळेत टिकली असेल. आणि कोणी नकाशा दाखवून म्हणेल, तुम्ही ओढ्याचे पाणी जास्त वापरता. तो नकाशा खोटा नसेल. परंतु अर्ध्या एकरावरचे दिवसाचे एक-दोन टँकर आणि मुंबईस जाणारे ४५,५०० टँकर एकाच कागदावर मांडल्याखेरीज तो हिशेब पुरा होत नाही. खर्चाची एकच बाजू लिहिलेली वही प्रामाणिक हातांनी लिहिलेली असली, तरी ती खोटीच वाचली जाते.

आणि शेवटी या डोळ्याला जे मुळीच दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. त्याला विहीर दिसत नाही. तिचा घेर एका गुंठ्याच्या चौकटीत विरून जातो. त्याला हंडा दिसत नाही. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन चढणारी बाई दिसत नाही, तिने मोडलेली झोप दिसत नाही. माणसाच्या पिण्याचे पाणी इतके थोडे असते, की उपग्रहाच्या हिशेबात ते शून्यच ठरते. म्हणून उपग्रहाच्या चित्राबरोबर विहिरीच्या पातळीची नोंद हवी, झऱ्याखाली बादली धरून ती किती वेळात भरते याची नोंद हवी, टँकर कोणत्या तारखेस सुरू झाला याची नोंद हवी. या नोंदी करण्यास घड्याळ, दोरी आणि बादली पुरतात. आकाशातील वही आणि जमिनीवरील वही ताडून पाहिल्या म्हणजे मगच हिशेब जमतो.

हे काम कोणी करावे? जव्हार व मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात ग्रामसभेला मानाचे स्थान दिले आहे आणि लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे सोपवले आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. म्हणजे अधिकार कागदावर आहे. त्या अधिकाराच्या हातात माहिती पडली पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिम भागात ‘ओपन-ईटी’ नावाची व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. तीत शेतकऱ्याला आपल्या शेतातून किती पाणी उडाले हे स्वतः पाहता येते. आपल्याकडे प्रत्येक शेतापर्यंत जाण्याची घाई नको. वर्षातून एकदा, वैशाखात, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हद्दीतील हिरव्या रेघेचा नकाशा, मागील दहा वर्षांच्या नकाशांसह, मराठीत नावे घालून, कापडावर छापून ग्रामसभेपुढे टांगावा. त्यावर कोणता तुकडा झऱ्याचा, कोणता वाडीचा, कोणता वणव्याने गेलेला हे गावकऱ्यांनी खुणा करून सांगावे. खर्च फारसा नाही. चित्रे फुकट आहेत, आणि ती जुळवण्याचे काम महाविद्यालयातील मुले एका सत्रात शिकू शकतात.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आपल्याकडूनही एक गोष्ट मागावयाची आहे. आपल्या शहराच्या धरणांत आज किती पाणी आहे याचा आकडा उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतो, आणि आपण तो काळजीने वाचतो. त्या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा छापला जावा, असा आग्रह आपण धरावा: ज्या खोऱ्यातून ते पाणी येते, तेथील किती पाड्यांवर आज टँकर चालू आहे. मुंबईची महानगरपालिका श्रीमंत आहे, तिच्याकडे कुशल अभियंते आहेत. नवीन धरणाचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा, काठच्या झाडीची आणि झऱ्यांची वही आधी वाचून दाखवा, ती तेथल्या ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि पाण्याचा पहिला नळ तेथे द्या, असे म्हणणारे नागरिक याच सभागृहातून उठले पाहिजेत. हे उपकार म्हणून नव्हे. ज्याचे पाणी आपण पितो त्याचा हिशेब ठेवणे हा साधा व्यवहार आहे.

सध्या वैशाख चालू आहे. त्या दोन तालुक्यांवर आकाश निरभ्र आहे, आणि येत्या पाच दिवसांत केव्हातरी एक उपग्रह वरून जाऊन या वर्षीची रेघ टिपून घेईल. पुढे दोन महिन्यांनी पाऊस येईल, सारे डोंगर हिरवे होतील आणि ती रेघ त्या हिरव्यात दिसेनाशी होईल. तोपर्यंत ती वाचावयास वेळ आहे.